पालथी नाव

यंदाच्या पुराने नावाड्याचा उजवा खांदा कामातून घालवला होता. हात छातीपर्यंत यायचा, पुढे अडायचा. सदरा घालायचा तर बायकोला बाही धरून उभं राहावं लागे. वल्हं मात्र चालत होतं. वल्ह्याला हात वर न्यावा लागत नाही, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा, आणि विचारणारा निघून गेला की डाव्या हाताने खांदा दाबत बसायचा.

नावही त्याच्यासारखीच झाली होती. तळाच्या दोन फळ्यांमधून पाणी यायचं. एक अख्खा दिवस बाहेर काढून, उन्हात वाळवून, फटींत चिंध्या ठोकून वरून डांबर ओतायला हवं होतं. पण पलीकडच्या वस्तीला दवाखाना, शाळा, बाजार सगळं अलीकडच्या गावातच. नाव एक दिवस बंद म्हणजे वस्ती एक दिवस बंद. तो दिवस काही सापडत नव्हता. बहुतेक वेळा मुलगाच वल्हं मारायचा, बाप डब्याने पाणी उपसायचा, असं चाललं होतं.

एका दुपारी सरपंच काठावर आले. चपला हातात, धोतर घोट्याच्या वर धरलेलं, चिखलातून जपून पाय टाकत. एरवी नाव हवी असली की गडी पाठवून "ए नावाड्या" अशी हाक मारायला लावणारा माणूस.

"काय नावाडीबुवा, बरं आहे ना?"

नावाड्याने डबा खाली ठेवला. "बुवा" ऐकून त्याच्या मुलाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

सरपंच बसायला जागा शोधू लागले. नावेच्या कडेला हात लावला आणि काळं बोट बघून काढून घेतला. उभ्यानेच बोलले. "गावाच्या विकासाला अनुदान आलंय. मोठं आहे. आपल्या मनात सभागृह बांधायचं आहे. पक्कं, वर पंखे, पुढे ओटा. चार गावांत नाव निघेल. पण पलीकडच्यांनी पुलाचा धोशा लावलाय."

"हो, कानावर आलंय."

"पूल झाला तर तुमच्या पोटावर पाय येईल. मला ते बघवणार नाही."

सरपंचांना आपल्या पोटाची काळजी आहे हे नावाड्याला आजच कळत होतं.

"सभागृहाला राखणदार लागेल. कायमचा, पगारी. तुमचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे." मुलाचं हसू आता उघड झालं. "सोमवारी सभा आहे. वरच्या कचेरीतल्या बाई येणार. हात वर करून निर्णय. जिकडे हात जास्त, तिकडे अनुदान." सरपंचांनी नावेतल्या पाण्याकडे बघितलं. "गळतेय वाटतं. डांबराला एक दिवस लागत असेल, नाही का?"

"लागतो."

"मग सोमवारचा धरा की. कोण काय म्हणणार? गळक्या नावेत माणसं घालायची का?"

चपला हातात घेऊन ते आले तसे गेले. मुलगा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "बाबा, देव पावला." नावाड्याने डबा उचलला.

रात्रीच्या जेवणाला घरात एवढं बोलणं बऱ्याच दिवसांनी झालं. बोलत होता तो मुलगाच. पगार, खाकी कपडे, पावसाळ्यात डोक्यावर पत्रा. "आणि खोटं तरी काय बोलायचंय? नाव गळतेच आहे. डांबर लावायचंच आहे. आज लावा की सोमवारी लावा."

नावाड्याची बायको वाढत होती. तिने नवऱ्याच्या ताटाकडे बघितलं. ताट भरलेलंच होतं. "अहो, जेवा."

सून भिंतीला टेकून बसली होती. ती पलीकडच्या वस्तीतली. तिचं माहेर इतकं जवळ की सकाळी आईने चूल पेटवली की धूर इथून दिसायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा बाप ऐन पुराच्या दिवसांतच वारला. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं. ती धावत काठावर आली आणि सासऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली. नावाड्याने पाण्याकडे बघितलं. झाडं मुळासकट वाहत होती. "नाही जमायचं पोरी," एवढंच तो म्हणाला. चार माणसं बापाला उचलून नेताना तिने या काठावरून पाहिलं. नावाडी बरोबर होता, हे तिलाही कळत होतं. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला वाढताना ताटाकडेच बघायची, तोंडाकडे नाही.

"तुला काय वाटतं गं?" मुलाने तिला विचारलं.

"मला काय वाटायचंय," ती म्हणाली आणि भांडी गोळा करायला उठली.

पुढचे दिवस फेऱ्या चालूच होत्या. लोक नावेत चढायचे, उतरायचे, पुलाबद्दल बोलायचे, आणि नावाड्याशी नजर भिडली की गप्प व्हायचे. शनिवारी विहीण आली. ती शिंपीण. दोन्ही काठांचे कपडे शिवायची. कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती नावेच्या मधोमध बसली, पाय उचलून, कारण खाली पाणी साठलं होतं.

"विहीणबाई, गाठोडं वर धरा. भिजेल."

"भिजू दे. तुमच्या नावेत बसलं की धुण्याचं काम वाचतं." बाकीचे हसले. नावाडीही हसला. मग ती म्हणाली, "सोमवारी लवकर काढा नाव. म्हातारीकोतारी सगळी आणणार आहे. एक माणूस मागे ठेवत नाही."

नावाड्याचा डबा पाण्यात बुडला तो तसाच राहिला.

"तुम्हाला वाटत असेल, हिला माझ्या पोटाचं काही नाही. तसं नाही हो. बाजारात तयार कपडे आले तेव्हा मलाही वाटलं, संपलं. पण लोकांचं फाटतंच ना? आता फाटलेलं शिवते. माणूस काहीतरी करतो." तिने आवाज खाली आणला. "यांना नेलं तेव्हा माझी पोर इकडे उभी होती. तुमचा दोष नाही. पण पुन्हा कुणाच्या पोरीवर ती पाळी नको."

आता सांगून टाकावं, असं त्याच्या ओठावर आलं. सोमवारी नाव नाही, एवढे तीन शब्द. मुलगा समोर वल्हं मारत होता आणि बापाकडे टक लावून बघत होता. नाव काठाला लागली. विहीण उतरली, मागे वळून म्हणाली, "सोमवारी मग." नावाड्याने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी अंधार पडायच्या आत बापलेकांनी नाव बाहेर ओढली आणि दोन ओंडक्यांवर पालथी घातली. सोमवारी ऊन वर आलं तसं मुलाने चूल मांडून डांबर तापवायला घेतलं. नावाडी पटाशीने जुनं डांबर खरवडू लागला. खांदा ठणकत होता. डाव्या हाताने खरवडलं तर पटाशी निसटायची.

मग पलीकडून हाक आली.

"ना...व!"

अशी हाक तो जन्मभर ऐकत आला होता. झोपेत आली तरी त्याचे पाय आधी उठायचे. त्याने पटाशी घट्ट धरली आणि खाली मान घालून खरवडत राहिला.

"नाव! अहो नाव!"

आता एक आवाज नव्हता. काठ माणसांनी भरला होता. रंगीत ठिपके दिसत होते. मुलाने तोंडाशी हात नेऊन ओरडून सांगितलं, "नाव दुरुस्तीला! आज बंद!" पलीकडे एकदम शांत झालं. ती शांतता नावाड्याला हाकेपेक्षा जड गेली. मुलाने फटीत चिंधी ठोकली, वरून डांबर ओतलं. एक फट भरली. दुसरीत चिंध्या ठोकून झाल्या होत्या, डांबर अजून तापत होतं.

घरातून बायको आणि सून काठावर आल्या होत्या. बायकोने डोळ्यांवर हात धरला. "अहो, ते पाण्यात उतरताहेत."

नावाडी उठला. माणसं खरंच उतरली होती. एकमेकांचे हात धरून रांग केली होती. कुणाच्या पाठीवर म्हातारी, कुणाच्या डोक्यावर कोरडे कपडे. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. मधल्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत येतील, ते त्याला दिसत होतं. पण त्यानंतर या काठाला लागून नदीने यंदा खोल चर पाडला होता. वरून पाणी साधं दिसायचं. त्यात पाय गेला की पाय टेकायला जागा नाही.

"थांबा! तिथेच थांबा!" तो ओरडला.

पलीकडून एका बाईचा आवाज पाण्यावरून आला. "नाव पालथी घातलीस, आता चालतही येऊ देणार नाहीस का रे?"

नावाड्याला कानफटात बसल्यासारखं झालं. तो अडवायला ओरडतोय, असं त्यांना वाटत होतं. सून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मामंजी, पुढे आई आहे."

त्याने पटाशी टाकली आणि नावेच्या कडेखाली डावा खांदा घातला. "उचला."

"बाबा!" मुलगा डांबराचं भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. "डांबर ओलं आहे. दुसरी फट उघडी आहे. बुडेल नाव."

"मग पाणी उपसू. धर."

"नाही धरणार. तुम्हाला त्यांचं पडलंय, माझं नाही? एवढा एक दिवस गप्प बसायचं होतं तुम्हाला. एक दिवस!"

"ते बुडतील रे."

"नाही बुडत. परत जातील." पण त्याने नदीकडे बघितलं नाही. "माझ्या ताटात माती कालवताय तुम्ही."

नावाडी थांबला. मुलगा म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. पण बायको आणि सून दोघींनी नावेला हात घातला होता. तिघांनी मिळून नाव उताणी केली. ओलं डांबर तिघांच्या हातांना, लुगड्यांना, त्याच्या सदऱ्याला माखलं. मुलाने भांडं चुलीवर आपटलं आणि तो गावाच्या दिशेने चालू लागला.

नावाडी वल्ह्यावर बसला. सून डबा घेऊन समोर. नाव पाण्यात शिरली तशी तळातून पाण्याची धारच लागली. ती उपसत होती, भरत होतं, ती उपसत होती. प्रत्येक वल्ह्याला खांद्यात कळ उठायची आणि त्याच्या तोंडून आवाज निघायचा. तो आवाज दाबायचं त्याने सोडून दिलं.

रांग उंचवट्यावर पोहोचली होती. सगळ्यात पुढे विहीण, पाणी मांड्यांपर्यंत, पदर डोक्याला गुंडाळलेला, चराच्या तोंडाशी एक पाय पुढे टाकलेला. नावाड्याने वल्हं आडवं धरून तिच्या पुढे टाकलं. तिने खाली वाकून ते पाण्यात घुसवून बघितलं. वल्हं पूर्ण बुडालं तरी तळ लागला नाही. तिने पाय मागे घेतला आणि नावाड्याकडे बघितलं.

त्याने हात पुढे केला. तो तिने धरला नाही. मागच्याच्या पाठीवरची म्हातारी उतरवून घेतली. "आधी ही." मग एक लंगडा माणूस, मग एक पोटुशी बाई. सगळ्यांत शेवटी ती चढली, ती लेकीचा हात धरून.

"एका वेळी एवढीच," नावाडी म्हणाला. "बाकीच्यांनी इथून हलू नका. मी परत येतो."

"येशील?" कुणीतरी विचारलं.

त्याने वल्हं मारलं. पुन्हा गेला, पुन्हा आला. शेवटच्या फेरीला नाव कडेपर्यंत पाण्यात होती आणि नावेतले सगळे ओंजळींनी पाणी उपसत होते.

सभा पंचायतीच्या कचेरीपुढच्या पत्र्याखाली होती. ओली माणसं आत शिरली तेव्हा अलीकडच्या लोकांनी सरकून जागा दिली, काहींनी ओलं लागू नये म्हणून. वरच्या कचेरीतल्या बाई खुर्चीवर होत्या. सरपंच उभे राहून आभार मानत होते.

"संपली सभा," सरपंच म्हणाले. "ठराव झाला. सगळ्यांचं एकमत झालं."

"आमचं कुठे झालं?" विहीण म्हणाली. तिच्या लुगड्यातून पाणी गळून तिच्या पायांभोवती थारोळं होत होतं.

बाईंनी सरपंचांकडे बघितलं. "ही वस्ती याच पंचायतीत आहे ना? नाव दुरुस्तीला आहे, कुणी येऊ शकत नाही, असं म्हणालात तुम्ही."

"होतीच. विचारा की नावाड्याला." "बुवा" गेलं होतं.

नावाडी सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभा होता. लोक बाजूला झाले. त्याला पुढे यावंच लागलं. हात काळे, सदरा फाटलेला, उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला. पलीकडे मुलगा उभा होता, सरपंचांच्या माणसांत.

"नाव बंद होती का?" बाईंनी विचारलं.

"होती."

"गळत होती म्हणून?"

"गळते. पण गेला महिनाभर गळतेय, आणि महिनाभर चालतेय." तो म्हणाला. "आज बंद ठेवली. यांनी येऊ नये म्हणून ठेवली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

सरपंच हातातलं घड्याळ फिरवत होते. नावाड्याने मुलाकडे बघितलं. मुलाने तोंड फिरवलं.

"ठेवली मी, बाई. हात माझे आहेत. काय बोलायचं ते मला बोला. आणि आता परत विचारा सगळ्यांना. माझा हात पुलाला."

त्याने हात वर करायला घेतला. उजवा वर जाईना. मग डावा वर केला.

बाईंनी पुन्हा विचारलं. ओले हात सगळे वर गेले. त्यानंतर अलीकडच्यांतलेही काही गेले, आधी बायकांचे. शाळेची मास्तरीण, दूधवाली, बाजारात बसणाऱ्या दोघी. सरपंचांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गावाची इच्छा तीच माझी."

त्या रात्री मुलगा उशिरा घरी आला, जेवला, झोपला. बापाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. घर एका खोलीचं, त्यात न बोलता राहणं म्हणजे केवढं काम! पाणी हवं असलं तर तो आईला सांगायचा, "त्यांना म्हणावं सरका जरा." बाप तिथेच असायचा. सरकायचा.

हिवाळ्यात पुलाचं काम सुरू झालं. पाणी उतरलं होतं. ठेकेदाराची टोळी आली, काठावर पालं पडली. मुलगा खडी वाहायला लागला. पुढे त्याला लोखंडी सळया बांधायला बसवलं, आणि तिथे त्याचा हात बसला. आठवड्याची मजुरी तो आईच्या हातात द्यायचा. नावाडी दिवसभर खांबांच्या मधून माणसं ने-आण करायचा, वरून सिमेंटचं पाणी त्याच्या डोक्यावर ठिबकायचं. मुलगा वर, बाप खाली. कुणी हाक मारायचं नाही. कधीतरी नावाडी वर बघायचा, आणि त्याला नुसते मुलाचे तळपाय दिसायचे, फळीवर रोवलेले, सिमेंटने पांढरे झालेले.

उन्हाळ्याच्या शेवटी पूल झाला. अरुंदच होता, दोन माणसं शेजारून जातील एवढा. उद्घाटनाला सरपंचांनी भाषण केलं. हा पूल म्हणजे माझं जुनं स्वप्न, असं ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहिणीने नावाड्याकडे बघून डोळे मिचकावले. त्याला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. संध्याकाळपर्यंत नावेत एक माणूस चढलं नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला, नुसता बसायला. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. नावाडी सवयीने काठावर जायचा, नावेत बसायचा, आणि वरून जाणाऱ्या माणसांच्या पावलांचे आवाज ऐकायचा. बायकोने भाजीचा वाफा धरला होता. काठावरून पाणी आणून तो तिला शिंपायला मदत करायचा, डाव्या हाताने. सून आता एक दिवसाआड आईकडे जायची, येताना फाटक्या कपड्यांचं गाठोडं आणायची आणि दारात बसून शिवायची. चूल थंड राहिली नाही. पण जेवताना नावाड्याला वाटायचं, हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं खातोय आपण.

टोळी पुढच्या कामाला निघाली तेव्हा मुलगा त्यांच्याबरोबर जायचं म्हणाला. दुसऱ्या एका नदीवर पूल होता, लांब. महिन्याभराने बायकोला न्यायला येईन, असं त्याने आईला सांगितलं. नावाडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं ऐकू आलं.

सकाळी तो लवकर उठून काठावर गेला. घरात निरोप बघत बसायची त्याची हिंमत नव्हती. नाव पाण्यात ढकलून तो मधोमध गेला आणि वल्हं न मारता बसून राहिला. थोड्या वेळाने पुलावर टोळीची माणसं दिसली, डोक्यांवर पत्र्याच्या पेट्या. त्यांच्या मागे मुलगा. नावाडी खाली बघू लागला. नाव हळूहळू वाहत पुलाखाली आली.

वरची पावलं थांबली.

"बाबा."

नावाड्याने मान वर केली. सूर्य मुलाच्या मागे होता, तोंड नीट दिसेना.

"तिकडची नदी याच्यापेक्षा मोठी आहे म्हणतात," मुलगा म्हणाला. पुढची माणसं हाका मारत होती. "पोहोचलो की कळवतो."

नावाड्याला पुष्कळ बोलायचं होतं. "जपून," एवढंच बाहेर पडलं. "पाण्याजवळ जपून राहा."

"हो."

पावलं निघाली, फळीवर वाजावीत तशी नाही, सिमेंटवर मंद. पलीकडे पोहोचेपर्यंत नावाडी बघत राहिला. मग नाव वळवून काठाला आणली.

बायको वाफ्याशी उभी होती. तिने डोळे पुसले नव्हते, पदराचं टोक नुसतं हातात धरलं होतं.

"गेला?"

"गेला," नावाडी म्हणाला. तिच्या हातातली पाण्याची घागर त्याने काढून घेतली. "पण बोलून गेला."